हिमानीचं आधीचं काम

शैलजा : सिनेमात होती म्हणतोस, मग आम्ही तिचा एकही सिनेमा कसा पाहिला नाही?

नकुल : आई, ते फॅमिलीसोबत बसून बघायचे सिनेमे नसतात. अ‍ॅडल्ट फिल्म्स होत्या.

शैलजा : म्हणजे तसले?

नकुल : तसले.

शैलजा : आधी तो गॅस बंद कर, फोडणी जळेल. आता बस इथे. तुझ्या बाबांच्या कानाला मशीन बसवून देणारी हिमानी, तीच ना ही?

नकुल : तीच. आम्ही लग्न करतोय म्हणून सांगतोय. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळावं, असं तीच म्हणाली.

शैलजा : मग सुरुवातीपासून सांग. मूळचे नागपूरचे ना ते लोक?

नकुल : हो, पण ती वाढली इकडेच अमेरिकेत, पिस्कॅटवेला. कॉलेज अर्धवट सोडून अ‍ॅक्टिंग करायला लॉस एंजेलिसला गेली. दोन वर्षं नुसत्या ऑडिशन्स. मिळालं काय, तर इन्शुरन्सच्या एका अ‍ॅडमध्ये मागे उभं राहायचं काम. मग एका मैत्रिणीनं हे सुचवलं. हिनं विचार केला आणि हो म्हणाली. जबरदस्ती नव्हती, हे मी परत परत विचारलं.

शैलजा : आणि चाललं?

नकुल : धो धो चाललं. त्या लाइनमध्ये इंडियन मुली जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे प्रत्येक फिल्ममध्ये हिला साडी. सेटवर कुणाला ती नेसवता येईना, पिना टोचून नुसती गुंडाळायचे. शेवटी हिनंच मेकअपवाल्या बाईला शिकवलं. म्हणते, पाच मिनिटांत उतरणारच होती, पण निऱ्या वाकड्या मला चालत नाहीत.

शैलजा : हसवू नकोस मला, मी चिडलेली आहे. पुढे?

नकुल : लास व्हेगसला अवॉर्ड मिळालं. स्वतःचं घर घेतलं. एअरपोर्टवर लोक सेल्फी मागायचे. त्याच वर्षी तिकडच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी तिच्या बाबांच्या कानावर घातलं. त्यांनी संबंध तोडले. आईनंही.

शैलजा : आणि सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही, तुम्हाला हो कसं कळलं म्हणून?

नकुल : हिमानी अगदी हेच म्हणते.

शैलजा : मग सोडलं का? एवढं चाललं होतं तर.

नकुल : सगळं इंटरनेटवर फुकट मिळायला लागलं ना. कंपनीनं तिच्या फिल्म्स एका वेबसाइटला विकून टाकल्या, हिला विचारलंसुद्धा नाही. कामं कमी होत गेली. एकतिसाव्या वर्षी सासूचा रोल आला. सून हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी.

शैलजा : एकतिसाव्या वर्षी सासू? मी त्या वयात इथे ड्रायव्हिंग शिकत होते.

नकुल : ती सेटवर पोट धरून हसली आणि काम सोडून घरी आली. वाटलं होतं, मागून कुणीतरी फोन करेल, परत ये म्हणेल. कुणीच केला नाही. ते तिला जास्त लागलं. मग घर विकलं, हा कानाच्या मशीनचा कोर्स केला आणि इथे अ‍ॅशबर्नला आली.

शैलजा : पस्तावा होतो का तिला?

नकुल : काही दिवस छान होते, काही घाण होते, म्हणाली. लपवायचं मात्र काही नाही.

गुरुनाथ : मी सगळं ऐकलंय बरं का. मशीन उत्तम चालतंय.

शैलजा : मग बोला ना काहीतरी.

गुरुनाथ : काय बोलू? दर महिन्याला भेटतो तिला. माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारी दुसरी कुणी मला तरी माहीत नाही.

शैलजा : तुमचं झालं सोपं. लोकांना तोंड मला द्यायचंय. नकुल, फोन लाव तिला.

नकुल : आई, ओरडणार नाहीस ना?

शैलजा : लाव म्हणते ना.

(नकुल फोन स्पीकरवर ठेवतो.)

हिमानी : काकू? सांगितलं त्यानं?

शैलजा : सांगितलं. खरं बोलते, मला पचायला वेळ लागेल. पण लग्नाला मी नाही म्हणणार नाही.

हिमानी : घ्या वेळ, काकू. मलाही लागला होता.

शैलजा : आईशी शेवटचं कधी बोललीस?

हिमानी : अवॉर्ड मिळालं त्या वर्षी. जेवलीस का, एवढंच विचारलं तिनं. मग बाबांनी फोन काढून घेतला. आता माझा नंबर दिसला की उचलत नाही.

शैलजा : माझा उचलेल. रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी आधी फोन करायचा असतो. या वेळी मी करते. नंबर सांग.

हिमानी : पाठ आहे, काकू. हळू सांगते. सात, तीन, दोन…