चाकं आहेत तिला

...नाही, मला एवढंच सांगा, ज्या वस्तूला कारखान्यातूनच दोन चांगली गोल चाकं लावून मिळालीत, ती वस्तू एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची तर माणसानं काय करावं? चालवत न्यावी की नाही? तुम्ही शहाणी माणसं आहात, लगेच माना हलवल्यात, पण आमच्या घरात महिनाभर हे बोलायची चोरी होती! मी नुसतं "अगं, चाकं आहेत तिला..." म्हटलं की आमची ही ओठांवर बोट ठेवायची, कारण फोनवर दादा असायचा. म्हणजे चाकं असलेली मोटरसायकल, ती न्यायला चाकं असलेली दुसरी गाडी, आणि ती गाडी शोधायची कुणी, तर मी! माझं चष्म्याचं दुकान आहे हो. मला लोकांचे डोळे तपासता येतात, टेम्पो कुठून तपासायचे असतात ते मला काय ठाऊक?

तर मोटरसायकल दादाची. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्यानं ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो, आणि गाडी दारात लावून त्यानं पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "हिला कुणी हात लावायचा नाही." आता कुणी म्हणजे कोण? घरात आई, बाबा आणि मी. आई काय ती घेऊन रेसला जाणार होती? बरं, चालवायला नको, निदान मागे बसव म्हटलं, तर म्हणाला मागे कुणी बसलं की शॉकअप बसतात. तेव्हा माझ्या हातापायांच्या नुसत्या काड्या होत्या, वारा आला की मी दाराची कडी धरायचो, आणि माझ्या वजनानं याचे शॉकअप बसणार! पुढे मी मोठा झालो, माझं लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, पण त्या मागच्या सीटला माझी पाठ काही लागली नाही. पाठ नाही, जे काय लागायचं ते.

आणि पडला कुठे, तर जिन्यावर! आयुष्यभर गाडी चालवली, चिखलातून, खडीतून, एकदा घसरला नाही, आणि घसरला तो स्वतःच्या घराच्या जिन्यावर. पायात सळई घातली. मग वहिनी आणि तो लेकीकडे राहायला गेले, इथून लांब, घाटापलीकडे, कारण तिचं घर तळमजल्यावर. गाडी राहिली माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे माझ्या पार्किंगमध्ये, हात लावायची बंदी कायम. फक्त दर रविवारी स्टँडवर लावून सुरू करायची, थोडी रेस द्यायची आणि बंद करायची, चाक जमिनीला टेकवायचं नाही. तुम्हाला सांगतो, दोन वर्षं दर रविवारी मी त्या गाडीवर बसलोय, इंजिन घुमतंय, मागचं चाक हवेत गरगर फिरतंय, आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत एकाच जागी प्रवास करतोय. वरच्या मजल्यावरच्या मावशी गॅलरीतून विचारायच्या, निघालात का? मी हो म्हणायचो.

पण खरं सांगू का, मला ते बोचत नव्हतं. बोचत होता तो त्याचा आवाज. पूर्वी दादा फोनवर यायचा तो ओरडतच यायचा, फोन कानापासून हातभर लांब धरावा लागायचा. पडल्यापासून मी विचारलं कसा आहेस, की म्हणायचा, "बरं आहे." बास. बरं आहे! माझा दादा, आणि बरं आहे म्हणतो! मला तो आवाज ऐकवत नसे. आणि मग एके दिवशी फोन वाजला, मी सवयीनं कानाला लावला आणि कानाचा पडदा फाटायची वेळ आली. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती. "गाडी पाठव," म्हणाला. "ओरखडा आला तर याद राख. आणि चालवत आणायची नाही, सांगून ठेवतो." मागून वहिनींनी फोन घेतला आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, नीट पाठवा हं. हे सकाळपासून खिडकीत खुर्ची टाकून बसलेत." आता सांगा, गाडी अजून माझ्या पार्किंगमध्ये, आणि हा माणूस खिडकीत. तिला काही झालं असतं तर तो पुन्हा बरं आहेवर गेला असता, आणि मग कुठल्या डॉक्टरनं त्याला बाहेर काढलं असतं?

म्हणून मी शोधायला लागलो. आणि मी शोधायला लागलो म्हटल्यावर आमचा मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. पुलांची ड्रॉइंगं काढतो, खिशात कायम टेप. कुणाच्या घरी गेला तरी बसायच्या आधी सोफा मोजतो. तो म्हणाला, "दाजी, हा शास्त्राचा विषय आहे, तुम्ही नुसते बघा." मी म्हटलं अरे, चाकं आहेत तिला, मी हळूहळू नेतो, दादाला सांगू नका. झालं! दोघं बहीणभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी दादालाच विकायला काढलाय.

उघडा टेम्पो बाद झाला, का, तर पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडतो. रेल्वे बाद, कारण गोणपाटात शिवून देतात आणि मधल्या स्टेशनवर कुणी चुकून उतरवली तर दादा तिथे खिडकी कुठून आणणार? सामान हलवणाऱ्यांना फोन केला, तर त्यांचा माणूस इतका गोड बोलला की मला तिथेच संशय आला. "काही काळजी करू नका सर, तुमच्या गाडीबरोबर फक्त दोन कपाटं, एक फ्रीज आणि एका मॅडमच्या कुंड्या आहेत, सगळे एकमेकांना धरून जातात." धरून जातात! कपाट कुणाला धरतं हो?

मग मेहुण्याला साक्षात्कार झाला की आपल्या कारमागे ट्रेलर लावू. ट्रेलर आणला कुठून तरी मित्राचा. सरळ जाताना छान जात होता, मी नाही म्हणत नाही. पण दुकानासमोर याला तो मागे घ्यायची हौस आली. आता ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे याला माहीत होतं, याचं त्यानं आधी कागदावर चित्रही काढलं होतं, पण ट्रेलरनं ते चित्र बघितलेलं नव्हतं. माझ्या दुकानाबाहेर चष्म्याची मोठी पाटी आहे, होती, तिची डावी काच गेली. तेव्हापासून माझ्या दुकानावर एकाच काचेचा चष्मा लटकतोय आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारात थबकून विचारतं, एकाच डोळ्याचा करता का? आणि मेहुणा खाली उतरून काय म्हणाला? "बरं झालं, गाडी वर नव्हती." मी त्याला त्या दिवशी हात लावला नाही, तो केवळ हिचा भाऊ म्हणून.

शेवटी मिळाला एकदाचा. बंद टेम्पो, खास मोटरसायकलीच नेणारा. मालकाच्या अंगणात उभा होता, मागचं दार उघडं. मेहुणा आत शिरला आणि तासभर बाहेर आला नाही. उताराची फळी मोजली, तिचा तिरपेपणा मोजला, चाक बसायची खाच मोजली, पट्टे ओढून बघितले, जमिनीवरचे हुक एकेक करून उपटायचा प्रयत्न केला, भिंतींवर टकटक केलं, मला आत बसवून दार लावलं आणि बाहेरून ओरडून विचारलं, उजेड दिसतो का? मी अंधारात उभा राहून ओरडलो, नाही दिसत. तो म्हणाला, म्हणजे पाऊस येणार नाही. मी म्हटलं वा! खरंच म्हटलं. मालक नुसता दाराशी उभा राहून दात कोरत होता. आम्ही सगळं, सगळं बघितलं, हे लक्षात ठेवा.

न्यायच्या दिवशी टेम्पोवाला आला. चांगला धष्टपुष्ट माणूस, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. आला तो इंजिन चालू ठेवूनच उतरला. आम्ही गाडीला ब्लँकेटं गुंडाळली, त्यावर हिची चांगली रजई गुंडाळली, आरशांना माझे मोजे घातले, मेहुण्याच्या हुकमानं फळीवरून इंचाइंचानं ढकलत वर नेली, सहा पट्टे आवळले, आणि टेम्पो आपला सगळा वेळ धडधडतोय. ही म्हणाली, "अहो, हा ते बंद का नाही करत?" मेहुणा म्हणाला, ताई, तू मध्ये बोलू नकोस. मी टेम्पोवाल्याला म्हटलं डिझेल जळतंय तुमचं, तर म्हणाला, "जळू द्या साहेब." मोटरसायकलचं पेट्रोल काढायला लागलो तर म्हणाला, "थोडं राहू द्या साहेब, असावं." चावी मागून घेतली, म्हणाला, हँडल लॉक झालं तर? मला वाटलं केवढा अनुभवी माणूस! माझ्या डोळ्यांवर कुठला नंबर चढला होता देव जाणे, लोकांचे डोळे तपासणारा मी!

टेम्पो गेला. मी दादाला कळवलं, निघाली. तो म्हणाला, "हळू चालवायला सांग." आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका आजोबांना खालची ओळ वाचायला लावलीय, आणि फोन.

"साहेब, गाडी बंद पडली."

माझ्या हातातली काच खाली. म्हटलं, कुठली?

"माझी हो. तुमची एक नंबर आहे. तिच्यावर बसूनच बोलतोय."

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीत बसलो ती गिऱ्हाइकाच्या. आजोबा उभे. घाट उतरल्यावर हा जेवायला थांबला, आणि जेवणाच्या वासात सवयीनं किल्ली फिरवून इंजिन बंद करून बसला. झालं! तो टेम्पो एकदा बंद केला की मिस्त्रीशिवाय सुरू होत नाही, हे त्याला माहीत, मालकाला माहीत, गावातल्या कुत्र्यांनाही माहीत असेल. आम्ही फळी मोजली, खाच मोजली, अंधार मोजला, आणि टेम्पो सुरू होतो का, हे एकानंही बघितलं नाही! मग याला मिस्त्री आणायला जायचं होतं, जवळपास काही वाहन नाही, आणि वाहन तर टेम्पोच्याच पोटात होतं, रजई पांघरून. काढली बाहेर. मिस्त्री म्हणाला पार्ट शहरातून आणावा लागेल, शहर कुठलं, तर दादाचंच. "तर साहेब, मी म्हटलं जातोच आहे तर तुमची गाडीही पोचवून टाकतो." पोचवून टाकतो! मी ओरडत होतो, अरे थांब, अरे उतर तिच्यावरून, पण समोरून नुसता वाऱ्याचा आवाज. मेहुण्याला फोन केला तर त्यानं विचारलं, "फळी नीट आहे ना?"

त्यानंतर मी दुकान बंद केलं आणि फोन समोर ठेवून बसलो. डोळ्यांपुढे तेच, दादा खिडकीत, लांबून गाडीचा आवाज येतोय, ओळखीचा, याचा चेहरा उजळतोय, आणि वळणावरून येतोय कोण, तर अनोळखी माणूस, पोटासकट! चाळीस वर्षं सख्ख्या भावाला मागे बसू दिलं नाही हो त्यानं.

फोन वाजला. मी हातभर लांबच धरला.

"पोचली," दादा म्हणाला.

म्हटलं, दादा, अरे माझी काही...

"काय पळते रे अजून! हा म्हणाला घाटाखाली वाऱ्यासारखी आली. मग मीच त्याला मागे घेतला, पार्टच्या दुकानात नेला आणि तिथून थेट त्याच्या टेम्पोपाशी सोडून आलो. पायाला काही झालं नाही. वहिनीला विचार तुझ्या."

मागे घेतला. त्याला! त्या पोटाला! मी एवढंच विचारलं, दादा, शॉकअप?

"शॉकअपला काय धाड भरलीय? दणकट आहेत." आणि हसला. तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं, घर हलवणारं, मागे वहिनीही हसत होत्या, आणि इकडे मला राग असा आलेला की भिंतीवर डोकं आपटावं, आणि त्याच वेळी डोळे भरून आलेले, आता याला कुठला नंबर द्यायचा? मी चष्मा काढून पुसत बसलो.

मग हसता हसता तो थांबला. म्हणाला, "पण काय रे, मला एक कळलं नाही. तू एवढा टेम्पो, पट्टे, रजया, मोजे... कशाला ही सगळी भानगड? सरळ चालवत आणायचीस की. चाकं आहेत ना तिला?"

मोठा भाऊ आहे. मी म्हटलं, हो दादा. लक्षातच आलं नाही.