अच्युतरावांचं गवत कापायचं यंत्र

मंडळी, नामाचा गजर झाला, हात जोडून झाले. आता हात मोकळे सोडा आणि कान तेवढे इकडे द्या. एक प्रश्न विचारते.

तुम्ही घाईत निघाला आहात. चप्पल पायात, किल्ली हातात. आणि मागून आवाज येतो — "अहो, थांबा जरा!" काय वाटतं हो त्या क्षणी? खरं सांगा, देवासमोर बसला आहात! ... बघा, बायका हसायला लागल्या आणि पुरुषमंडळी छताचे वासे मोजायला लागली!

तर प्रश्न असा. आपल्याला अडवणारं माणूस — ते आपलं, की वैरी?

लगेच उत्तर देऊ नका. आधी आख्यान ऐका. हे पुराणातलं नाही. यात राजा नाही, राक्षस नाही. यात आहे गवत कापायचं एक यंत्र! हसा, हसा. आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला फारशी जागा नाही.

जावळीकडं डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव सांगत नाही — त्यांचे पाहुणे इथंच बसलेले निघायचे! त्या गावात अच्युतराव देवकुळे नावाचे गृहस्थ राहायला आले. कारखान्यात मोठे साहेब होते. निवृत्त झाले आणि चार एकर जागा घेतली. वरच्या अंगाला बंगला, समोर सपाटी, आणि सपाटी संपली की जमीन जी उतरत जाते ती थेट ओढ्यापर्यंत. बरोबर पत्नी, शैलाताई.

शैलाताई कशा? दूध वर यायच्या आधी गॅस बारीक करणाऱ्या! दिवसभर घरात त्यांचा एकच मंत्र. "अहो, थांबा, गोळी घेतली का? थांबा, आभाळ भरलंय, छत्री घ्या. थांबा, लादी ओली आहे." आणि अच्युतराव म्हणायचे, "शैला, देवानं तुला जीभ दिली, पण शब्द एकच दिला!"

पावसाळा आला. चार एकरांत गवत माजलं, छातीएवढं! गावातली माणसं लावली, त्यांनी विळ्यानं कापलं. साहेबांना ते पसंत पडेना. "हे काय, न्हाव्यानं अर्ध्यातून पळून जावं तसं दिसतंय!" त्यांना हवा होता गालिचा. मग कुणीतरी सांगितलं — साहेब, आता बसून चालवायचं यंत्र मिळतं. छोट्या ट्रॅक्टरसारखं. पोटाखाली पाती फिरतात, आपण वर राजासारखं बसायचं.

राजासारखं बसायचं! मंडळी, एवढं एक वाक्य पुरतं हो माणसाला.

दोघं गेले पुण्याला. दुकानात यंत्रं ओळीनं मांडलेली, लग्नाच्या घोड्यांसारखी. दुकानात एक मुलगी होती, चुणचुणीत. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, जमीन सपाट आहे की उताराची?"

अच्युतराव म्हणाले, "सपाट."

शैलाताई म्हणाल्या, "अहो, उतार आहे की. ओढ्याकडं चांगलाच आहे."

"थोडासा आहे गं. उतार म्हणजे काय सह्याद्रीचा कडा आहे का तो!"

ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, सपाटीवर हे छान चालेल. पण तीव्र उतारावर नेऊ नका, आणि ओल्या गवतावर तर नकोच. तेवढा भाग हातातल्या कटरनं कापून घ्या, नाहीतर राहू द्या तसाच. आणि हे बघा, सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला, की यंत्र आपोआप बंद पडतं. सुरक्षेसाठी."

शैलाताईंना ती मुलगी फार आवडली. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मग हे लहानच घेऊ या. वरच्या सपाटीपुरतं. खालचं गवत राहू दे, गावातल्या म्हशी तरी खातील."

पण अच्युतराव केव्हाच जाऊन बसले होते सगळ्यांत मोठ्या यंत्रावर! उंच पाठीची सीट. पुढं दिवे. आणि काय होतं माहीत आहे? चहाचा कप ठेवायला खळगा! अहो मंडळी, गवत कापायच्या यंत्रात चहाच्या कपाची सोय! आमच्या स्वयंपाकघरात मला कप टेकवायला ओट्यावर वीतभर जागा मिळत नाही!

तेच घेतलं. घरी आलं. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो माणूस रोज फडक्यानं यंत्र पुसायला लागला! तेल बघायचं, पात्यांना धार लावून आणायची, पट्टा तपासायचा. पावसाचा थेंब पडला की ताडपत्री घेऊन पळायचं — दोरीवरच्या साड्या भिजू देत!

आणि एक गोष्ट कळली. या यंत्राचं दगडाशी वैर. पात्याखाली दगड आला की पातं गेलं. मग उपाय काय? शैलाताई! त्यांनी घमेलं घेऊन पुढं चालायचं, वाकून दगड वेचायचे, आणि मागून साहेबांची स्वारी यायची. डोळ्यांसमोर आणा हो ते. कुणाला हसू येईल, कुणाला नाही येणार.

आता सांगा, यंत्र चांगलं होतं की वाईट? यंत्र चांगलंच होतं. त्यात एकच दोष — ते साहेबांना अडवायचं! वाटेत फांदी आली, साहेब सीटवरून उठले, की — धप्! बंद. पुन्हा बसा, पुन्हा चालू करा. पाण्याचा पाइप आडवा आला, उठले — धप्!

एक दिवस भडकले. "पैसे मी मोजले, जमीन माझी, आणि मी उठायचं की नाही हे हा डबा ठरवणार? घरात एक आहे तेवढी पुरे नाही का!"

गावात सर्जेराव म्हणून मेकॅनिक होता. त्याला बोलावलं. "सर्जेराव, ही सीटखालची भानगड काढून टाक. डायरेक्ट कर."

सर्जेराव डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, ते काढायचं नसतंय. कंपनीनं लावलंय म्हंजी कायतरी इचार करूनच लावलं आसंल."

"तू शिकवणार मला? कारखाना चालवलाय मी!"

शैलाताई दारातून म्हणाल्या, "अहो, थांबा. नका करू. त्या मुलीनं सांगितलं होतं ना —"

"हे बघ, सर्जेराव," अच्युतराव हसत म्हणाले, "एक वायर इथं आहे आणि एक दारात उभी आहे. तुला एकच काढता येते, ती काढ!"

सर्जेराव हसला. साहेब विनोद करतात तेव्हा हसावं लागतं. शैलाताई आत गेल्या. दोन वायरी एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. झालं काम! आता साहेब उठोत, बसोत, यंत्र आपलं चालूच.

पेटीवाले काका, जरा सूर धरा. ओवी म्हणते. यमक ओढून आणलेलं आहे, पण भाव ओढून आणलेला नाही —

थांब म्हणतो जो जिवा, त्याला म्हणू नये परका,
माघारी आपुल्या जळे, दिवा त्याचाच सारखा!

पुढं काय झालं? ऐका.

दसरा झाला होता. कारखान्यातले जुने मित्र जेवायला यायचे होते. अच्युतरावांच्या मनात होतं, गच्चीवरून बघितलं की ओढ्यापर्यंत हिरवा गालिचा दिसला पाहिजे! सकाळी यंत्र काढलं. शैलाताई अंगणात आल्या, वाकून गवताला हात लावला. हात भिजला.

"अहो, थांबा ना थोडं. दव आहे. ऊन तरी पडू द्या. आणि खाली नका नेऊ, वरचंच कापा."

"माणसं येतील दुपारी! घमेलं घे आणि चल पुढं."

त्या चालायला लागल्या. का चालल्या? असं विचारू नका मला. तुम्हीही चालला असता. आपल्या आया तशाच चालल्या.

वरची सपाटी झाली. उतार सुरू झाला. शैलाताई पुढं, खाली, पाठमोऱ्या, वाकलेल्या. मागं वर यंत्राची घरघर. त्या आवाजात माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. आणि पाण्याचा काळा पाइप आला आडवा. अच्युतराव उठले, उतरले, पाइप ओढायला लागले. ब्रेक लावला होता का? त्यांना आजही आठवत नाही. आणि ज्यानं यंत्र बंद पाडायचं, त्याचं तोंड काळ्या टेपनं बांधलेलं!

यंत्र हललं. ओलं गवत. उतार. रिकामी सीट घेऊन ते निघालं खाली. पाती फिरतायत!

अच्युतरावांनी मान वर केली. धावले, पाय घसरला, गुडघ्यावर आपटले. आणि मंडळी, ज्या माणसानं जन्मभर बायकोचं 'थांबा' ऐकलं नाही, तो माणूस चिखलात हात पसरून लोखंडाला ओरडत होता — "थांब! थांब! अरे, थांब!"

लोखंड आहे ते. त्याला काय कळतंय.

...

पुढचं सांगणार नाही. इथं लेकरं बसली आहेत. एवढंच सांगते, शैलाताई वाचल्या. डावा पाय घोट्याच्या वरून गेला. मित्र आले ते जेवायला नाही, दवाखान्यात आले.

तुम्ही म्हणाल, बाई, संपलं आख्यान. यंत्रानं पाय नेला, माणसाचे डोळे उघडले. नाही हो! पाय गेला हे आख्यान नाही. आख्यान पुढं आहे.

त्यानंतर वर्षभरानं त्या गावात माझं कीर्तन होतं, आणि उतरायची सोय होती देवकुळ्यांकडं. बंगला तोच. यंत्र गोठ्यात ताडपत्रीखाली उभं, त्यावर कोंबड्या बसलेल्या. अंगणात गवत पुन्हा छातीएवढं. शैलाताई कुबडी घेऊन फिरत होत्या. हसून बोलल्या, माझ्या गावाची चौकशी केली, पोहे केले. मला वाटलं, किती सावरली ही बाई!

चहा आला. अच्युतरावांना मधुमेह. आधी बिनसाखरेचा घ्यायचे. त्यांनी साखरेचा डबा ओढला. एक चमचा घातला. शैलाताईंकडं बघितलं. दुसरा घातला. बघितलं. तिसरा चमचा कपावर धरून ठेवला. साखर बशीत सांडत होती.

"शैला, बघ. तिसरा आहे हा."

"दिसतोय."

"काही म्हणणार नाहीस?"

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "प्या ना. गार होईल."

रागानं नाही हो! राग असता तर बरं होतं. अगदी सरळ आवाजात, पाहुण्याला म्हणावं तसं. आणि तो एवढा मोठा साहेब, माझ्यासारख्या परक्या बाईसमोर रडायला लागला. म्हणाला, "ताई, वर्ष झालं. मी भर पावसात स्कूटर काढतो, ही दार लावून घेते. मी गोळ्या फेकून देतो, ही बघते. पाय गेला, त्याबद्दल हिनं एक अक्षर काढलं नाही. पण हिनं मला अडवायचं सोडलंय. घरात आता कुणीच मला थांब म्हणत नाही."

मी शैलाताईंकडं बघितलं. म्हटलं, म्हणा ना एकदा. त्या म्हणाल्या, "म्हणते हो मनात कधीकधी. पण वर येत नाही. जिथून यायचं ना, तिथंच काहीतरी तुटलंय." आणि कप उचलून आत गेल्या. कुबडीचा आवाज तेवढा येत राहिला.

मला कुठलाच अभंग आठवला नाही त्या वेळी. मी तो चहा संपवला.

तर मंडळी, अडवणारं माणूस आपलं की वैरी, ते आता मी सांगायला हवं का? जो अडवतो ना, त्याला आपण अजून हवे असतो. तेवढाच अर्थ असतो त्या कटकटीचा. आणि आपण काय करतो? हसून गप्प करतो, चारचौघांत विनोद करतो, टेप गुंडाळतो. मग एक दिवस घर शांत होतं, आणि आपण बाहेर सांगत फिरतो — आमची आता समजूतदार झाली हो! आमचे आईवडील आता कशात पडत नाहीत! अहो, ती समजूत नव्हे. आत काय बंद पडलंय, ते जाऊन बघा.

आता आरतीची तयारी होते आहे. त्याआधी एकदा आठवा. आज निघताना तुम्हाला मागून कुणी काही म्हणालं का? "हळू जा," "मफलर घ्या," "एवढ्या उशिरा कशाला?" कुणी म्हणालं असेल तर निवांत बसा, प्रसाद घ्या, आणि त्या माणसासाठीही थोडा पदरात बांधून न्या.

आणि ज्यांना कुणीच काही म्हणालं नाही — पूर्वी म्हणायचं, आणि आता म्हणत नाही — त्यांनी आरतीला थांबू नका. उठा, आधी घरी जा. आरती चुकली तर चुकू द्या.

देव थांबेल.