दाराशी उभे बाबा

बर्गनच्या ट्राममध्ये माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या मैत्रिणी गप्पा मारत होत्या.

"फोटोचं सॉफ्टवेअर पुन्हा बदललं गं. सगळी बटणं इकडची तिकडे!"

"तुझं हे रडगाणं दरवर्षीचंच, तोर्दिस."

"ऐक तरी, बोरघिल्ड! जुनं बटण शोधताना भलतंच दाबलं गेलं, आणि माझ्या लग्नाच्या स्कॅन केलेल्या फोटोतला काळोख उजळला. चर्चच्या दाराशी बाबा उभे!"

"ते तर रुसून आलेच नव्हते ना?"

"चाळीस वर्षं हेच सांगतायत. पण एका हातात टोपी, दुसऱ्या हातानं डोळे पुसतायत!"

"अगं बाई! मग आता?"

"त्यांच्याकडेच निघालेय, फोटो आणि केक घेऊन."

"नव्वदीत कबूल होतील का ते?"

"नाही झाले तरी केक खावाच लागेल. लग्नातला त्यांचा वाटा राहिलाय."