ओल्या लाकडाची गिटार

...वाजतेय ना, म्हणे! अहो, वाजायला काय, पत्र्याचा डबासुद्धा वाजतो, आमच्या कपाटाचं दार उघडलं तरी वाजतं, म्हणून ते कुणी गळ्यात अडकवून स्टेजवर उभं राहतं का? पण तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं हा एकच मंत्र. वाजतेय ना? मग झालं.

म्हणजे कसंय, आमचे हे गिटारच्या कारखान्यात तपासणीला. विजेवरच्या गिटारी हो, त्या रंगीत, चकचकीत, वायर खुपसून वाजवायच्या... कापून, घासून, रंगवून, तारा ओढून झाल्या की त्या शेवटच्या टेबलावर येतात आणि त्या टेबलामागे हे. हे पास म्हणाले की खोक्यात, नाही म्हणाले की परत मागे. आता माल मागे पाठवणारा माणूस कुणाला आवडेल, सांगा? कारखान्यात ह्यांना 'आडकाठी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागेच, पण इतक्या मोठ्यानं की तोंडावर म्हटलेलं परवडलं.

आणि तपासायची रीत काय, तर गिटारच्या दांड्यावर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या ठोकलेल्या असतात ना, त्यांच्या कडेवरून हे तळहात फिरवतात, वरपासून खालपर्यंत. टोचलं की माल मागे. आणि टोचतं कशानं? लाकूड ओलं असतं म्हणून. वाळायच्या आधीच पट्ट्या ठोकायच्या, मग लाकूड आकसतं, धातू काही आकसत नाही, तो आपला टोकं बाहेर काढून बसलेला, बाकावर शेजारच्याला कोपर लावून बसणाऱ्या माणसासारखा. ह्यांचा तळहात एकदा एका हात बघणाऱ्यानं धरला आणि तसाच परत दिला. म्हणाला, ह्यातली आयुष्यरेषा कुठली आणि गिटारची कुठली, ते आधी तुम्ही सांगा.

तर झालं काय, एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं, परदेशातलं. ऑर्डर मोठी, घाई त्याहून मोठी. लाकूड काल आलं, आज कापलं, लगेच पट्ट्या. हे गेले साहेबांकडे. साहेब वाईट नाहीत हो, बिचाऱ्यांना वरून रोज विचारतात किती झाल्या, कशा झाल्या ते कोणी विचारत नाही. ह्यांनी सांगितलं, दांडे ओले आहेत, उन्हाळा लागला की टोकं बाहेर येतील. साहेबांनी गिटार घेतली, वाजवता कुणाला येतंय, एक तार छेडली आणि म्हणाले, "वाजतेय ना? मग झालं."

हे म्हणाले, आज वाजतेय. साहेब म्हणाले, गिऱ्हाईकही आजच येतंय.

आणि मग खांद्यावर हात ठेवला, आवाज असा मऊ केला की लोण्यानं लाजावं, "तुम्ही फार दमलेले दिसता. पाहुणे जाईपर्यंत घरी आराम करा."

कळलं ना? तपासायला माणसं येणार, तर तपासणाऱ्यालाच घरी बसवलं.

मला वाटलं, हे घरी येऊन आदळआपट करतील. कसलं काय, खुर्चीत बसून राहिले. मी चहा दिला, साखर घालायचीच विसरले होते, तो तसाच प्यायले. एरवी चमचाभर कमी पडली तर कप परत येतो! सासूबाई आतून मला म्हणाल्या, "अगं, हा काही नावं ठेवत नाहीये, ताप आहे का बघ." बघते तर अंग गार. नुसते तळहाताकडे बघत बसलेले. आणि मग मला हळूच विचारलं, "अगं, मी खरंच फार अडून बसतो का?"

आता काय सांगायचं माणसानं? मी म्हटलं, "बसता. पण टोचतं तेव्हाच बसता."

त्यांनी कप उचलून स्वतः आत नेऊन ठेवला.

गिऱ्हाईक आलं, एक तार छेडली, खूश झालं, गेलं. माल गेला. वाजतेय ना, मग झालं. आणि तिकडच्या कोरड्या हवेत लाकूड असं आकसलं, असं आकसलं, की वाजवणाऱ्यांचे हात ओरबाडून निघाले आणि सगळाच्या सगळा माल परत. कारखान्याच्या आवारात खोक्यांमुळे चालायला जागा नाही. साहेब स्वतः आमच्या घरी आले. हाताला पट्टी बांधलेली. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "मी फिरवून बघितला हो हात... फार टोचतं." मी आतून वाट बघतेय, आता हे सुनावतील, चांगले चार शब्द सुनावतील. ह्यांनी काय करावं? साहेबांची पट्टी सोडली, जखम बघितली आणि नीट बांधून दिली. म्हणाले, मी येतो, पण लाकूड पुरतं वाळल्याशिवाय पट्टी ठोकायची नाही. साहेब म्हणाले, नाही ठोकणार. आणि शब्दाला जागले हो साहेब, खोटं कशाला बोलू!

झालं. जिंकले आमचे हे. मी देवापुढे हात जोडले.

पण लाकूड वाळायला वेळ लागतो, हे माझ्या कुठे लक्षात आलं? लाकूड वाळत नाही तोवर दांडे नाहीत, दांडे नाहीत तर गिटारी नाहीत, आणि गिटारीच नाहीत तर तपासणार काय? अख्ख्या खात्याला भरपगारी सुट्टी! आणि ह्या वेळी हे गप्प नाहीत, चांगले खुशीत आहेत. सकाळपासून घरभर हात फिरवत फिरतात. दाराची चौकट, फडताळाची कड, माझ्या पोळपाटाचा पाय. काल माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, डोळ्यासमोर आडवं धरलं आणि म्हणाले, जरा वाकलंय गं.

आता मी रोज भाजीला म्हणून बाहेर पडते आणि कारखान्याच्या आवारात जाते. तो वॉचमन हसतो मला. हसू दे. फळ्यांच्या थप्पीपाशी जाते, तळहात टेकवते, डोळे मिटते...

अजून ओलंच आहे हो.