एका बदामासाठी

...एका बदामासाठी अडलं हो, फक्त एका! आणि दिपेश मलाच म्हणतो, "आई, तू खेळलीस की वाढायला बसलीस?" आता काय सांगू?

तुम्हाला सांगते, आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत बायकांची पोकरची स्पर्धा. पैसेबिसे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या, पण जिंकेल तिला एक रविवार क्लबहाउसचा हॉल! मला तो हवाच होता, आमच्या लेकीच्या, नमिताच्या साखरपुड्याला. हॉल माझा, म्हणजे यादीही माझी. मोजकी साठ माणसं, बास! नाहीतर होणाऱ्या विहीणबाई, बी विंगच्या गोजराबाई, त्यांचं अख्खं करंजाडे गाव गोळा करतील ही धास्ती... आणि शेवटी समोर उरलं कोण? त्याच!

दिपेशनं पढवलं होतं, "पाच बदाम म्हणजे मोठा हात. चार जमले आणि पाचवा यायचा असला, तरी आल्यासारख्या सगळ्या चकत्या पुढे ढकल. समोरची घाबरून पानं टाकते, डाव सोडते. नाही टाकली, तरी पाचवा येऊ शकतो. टेन्शन कशाला?" यालाच नाही ना टेन्शन!

माझ्या हातात दोन बदाम, टेबलावर दोन, अजून दोन पानं उघडायची. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, सगळ्या चकत्या पुढे! गोजराबाईंचा चेहरा उतरला. "तुजं कायतरी मोठं हाय, बाय. मी पानं टाकते." अहो, डाव जिंकले होते मी! गप्प बसायचं होतं नुसतं! पण मुलाकडची बाई आपल्यासमोरून अशी हिरमुसून उठणार? तोंडातून गेलंच, "असं कसं? उठायचं नाही हं! थोडं तरी घ्या... म्हणजे, खेळा. माझी शपथ!"

शपथ घातल्यावर काय करतील बिचाऱ्या? खेळल्या! त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी. पुढचं पान काळं. शेवटचं लाल दिसलं, मी टुणकन उठले... चौकट! एका बदामासाठी हो!

गोजराबाईंनी मला मिठीच मारली. "हॉल मी जिंकला, म्हंजे पाव्हनं माजं. जेवन तेवढं तुमी बगा. दोनशेच मानसं हायत."

दोनशे! म्हटलं, आता मात्र स्पष्ट बोलायचं. पदर खोचला, घसा साफ केला, तोंड उघडलं...

"इश्श, दोनशेच? आणखी बोलवा ना!"