फुटेचना तो ग्लास!

...आणि फुटेचना हो! ग्लास! साधा दारूचा ग्लास! तुम्हाला सांगतो, आमच्या आल्टमार्क भागात घराचं छप्पर चढलं की सुताराने आढ्यावर उभं राहायचं, घराला आशीर्वाद द्यायचा, ग्लास रिकामा करायचा आणि खाली भिरकावायचा. फुटला की घर सुखाचं! आजवर कुणाचा अडला नाही, माझाच अडला! कारण माझं घर पेंढ्याचं. भिंतीत पेंढ्याचे गठ्ठे, वर मातीचा गिलावा, सिमेंटचा कण नाही... मऊ घर हवं होतं ना? घ्या!

हौस नव्हती हो! भाड्याच्या घरात ओल. आमची येटे, एवढीशी पोर, खोकून खोकून अर्धी झालेली. बायको म्हणाली, "श्वास घेणाऱ्या भिंती बांधू." गाव हसलं, "अरे, शेळी खाईल तुझं घर!" पण लिंपायला सगळे हजर! त्यात समारंभ आणि लिंपण एकाच दिवशी ठेवलं, हा माझा शहाणपणा. पश्चिमेची भिंत उघडी, ताडपत्री वाऱ्याने फाडलेली, ढग भरून आलेले... पेंढा भिजला की कुजलाच! आणि एक्हार्ट सुताराने फेकलेला ग्लास पेंढ्यावर पडला. टुपकन्! ओरखडासुद्धा नाही!

सासूबाई, वालबुर्गा त्यांचं नाव, हात कमरेवर. "फुटल्याशिवाय कुणी मातीला हात लावायचा नाही!"

"आई, पाऊस येतोय!" बायको ओरडली.

"येऊ दे! अपशकुनी घरात माझी नात राहणार नाही!"

झालं! बायका थांबल्या, पुरुष थांबले. दुसरा ग्लास गेला चिखलात. बुडाला! तिसरा भुशाच्या ढिगात. मी ओरडलो, "अरे एक्हार्ट, कठीण जागा बघून टाक ना!" तर तो वरून, "ठेवलीयस कुठे, लेका?" मऊ घर हवं होतं ना? घ्या! माझ्या नाकावर पहिला थेंब पडला. एक्हार्टने दात-ओठ खात चौथा भिरकावला...

खळ्ळ!

"फुटला! फुटला!" गाव नाचलं, मी नाचलो! मग पाहिलं, कशावर फुटला? माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर! या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा!

पण रडायला वेळ कुणाला? अहो, काय तुटून पडली माणसं! शेळीवरून हसणारा शेजारी कोपरापर्यंत चिखलात, सासूबाई सगळ्यांत पुढे! धो धो पाऊस आला तेव्हा भिंत लिंपून झालेली. थोडी माती वाहिली, पण पेंढा कोरडा ठणठणीत! आता हिवाळ्यात एवढीशी शेगडी पेटवली की घरभर ऊब, आणि येटे सकाळपर्यंत गाढ झोपते. त्या भिंतीला हात लावला ना, की भरून येतं मला. कुणाकुणाचे उपकार मानू?

फक्त ती गाडीची काच बदलायला निघालो, तर सासूबाई दारात आडव्या. "खबरदार! शुभ काच आहे ती!" आता तडकलेल्या काचेची गाडी पोलीस चालवू देतात होय? मग काय, पाऊस असो, बर्फ असो, कुडकुडत सायकलवरून कामाला जातो. आणि परवा गावाने माझा सत्कार केला हो... पर्यावरणासाठी गाडी सोडली म्हणून!