आबांची चेटकीण

तुम्हाला सांगते, विसरभोळ्या चेटकिणीच्या त्या पुस्तकांवर मालिका येतेय हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खामगावला लहानपणी माझे वडील, आबा, ती मोठ्यानं वाचायचे. त्यांची चेटकीण अस्सल वऱ्हाडी बोलायची, "काऊन बे, माहा झाडू कोनं नेला?" आम्ही भावंडं हसून लोळायचो. माझ्या ओवीलाही मी तीच चेटकीण सांगितली. आता टीव्हीवरची पाहून पोरगी हिरमुसली तर? काळजी करायला मला एवढं पुरतं.

ट्रेलर आला, तो आबांकडेच बसून पाहिला. चेटकीण अगदी नाजूक आवाजात म्हणाली, "माझा झाडू कोणी बरं नेला?"

"आबा, ही आपली नाही!" ओवी रडवेली झाली.

आबा ओशाळले. "हेच खरी हाय, माय. पुस्तकात अशीच बोलते. मीच तिले आपल्यातली केली होती."

आता हिची समजूत कशी काढावी, या विचारात मी असतानाच ओवीनं रिमोट घेतला, ट्रेलर पुन्हा लावला आणि आवाज बंद केला.

"आबा, आता तुमी बोला."

ट्रेलर संपला, तरी आबा बोलतच होते.